नावाचं जिरं

सूचनाबाईंना कुजबुजता येत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. बाईंचं सगळं आयुष्य बसस्थानकावर माईकपुढे गेलं. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" म्हणता म्हणता आवाज असा काही कमावला गेला, की निवृत्तीनंतर माईक तिकडेच राहिला आणि आवाज तेवढा घरी आला. स्वयंपाकघरात त्यांनी "वन्सं, मीठ कुठे ठेवलंत?" असं विचारलं, की गल्लीच्या टोकाचा सलूनवाला खुर्चीतल्या गिऱ्हाइकाची मान तशीच धरून ओरडतो, "वरच्या फळीवर बघा!" आणि खरंच असतं हो मीठ तिथे.

वन्सं म्हणजे बाईंच्या धाकट्या नणंद. बाईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. वन्संनी लग्न केलंच नाही. तेव्हापासून दोघी एका छपराखाली राहतात. नणंद-भावजय म्हटलं की लोक भांडणाची वाट बघत बसतात. ह्यांच्यात तर ते रोज होतं, पण ते झाल्याशिवाय दोघींना चहा गोड लागत नाही, त्याला कोण काय करणार? वन्संचा हात पाव भाजण्यात बसलेला. पावात, कोबीत, आणि जेवण अंगावर आलं तर कोमट पाण्यात त्यांना शहाजिरं लागायचं. बाजारातल्या शहाजिऱ्यावर त्यांचा फार राग. "ह्याला वास आहे का? भुसा चावल्यासारखं लागतं!" शेवटी बाई वैतागल्या, बियाण्यांच्या दुकानातून पुडी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "घ्या, आता परसातच लावते, म्हणजे तुमचं तोंड बंद." वन्संचं तोंड काही बंद झालं नाही, पण शहाजिरं लागलं.

आता ज्या दिवशी लागलं, त्या दिवसाची गोष्ट.

थंडी सरून माती नुकती हाताला मऊ लागायला लागली होती. बाई साडीचा पदर खोचून, भिजवून निथळलेलं बी मुठीत घेऊन वाफ्यावर वाकल्या होत्या. एवढ्यात कुंपणापलीकडे कवळीवाले येऊन उभे राहिले. कवळीवाले म्हणजे शेजारी. मागच्या खोलीत त्यांचं काम चालायचं. प्लास्टरचे साचे, गुलाबी मेणाच्या वड्या, दातांच्या पट्ट्या, आणि टेबलावर कुणाकुणाचे जबडे ओळीने वाळत ठेवलेले. शहरातले दंतवैद्य ह्यांच्याकडून कवळ्या करवून घ्यायचे. बायको वारलेली, मुलगी दुसऱ्या शहरात संसारात. माणूस अबोल. कुणी बोलायला लागलं की ह्यांची नजर डोळ्यांवर नाही, थेट तोंडात. रोज संध्याकाळी कुंपणाशी उभं राहून बाईंच्या तोंडाकडे टक लावून ऐकायचे. बाईंना आधी वाटलं, बिचाऱ्यांना ऐकू येत नाही, ओठ वाचतात. त्यावर वन्सं म्हणाल्या होत्या, "वहिनी, तुझा आवाज ऐकू येणार नाही इतका बहिरा माणूस अजून जन्माला यायचाय."

कवळीवाल्यांनी घसा साफ केला. "एक विचारायचं होतं."

"विचारा की."

"तुमचे सगळे दात तुमचे स्वतःचे आहेत."

बाई सरळ उभ्या राहिल्या. "हा प्रश्न झाला?"

"नाही, ही प्रस्तावना." कवळीवाल्यांचे कान लाल झाले होते. "माझ्या धंद्यात अशी माणसं फार भेटत नाहीत. भेटली तरी ती दात दाखवत नाहीत. तुम्ही हसता. मला ते बघायला रोज कुंपणापर्यंत यावं लागतं. तर, आपण लग्न करू या का?"

अगं बाई! सूचनाबाईंच्या काळजाने अशी उडी मारली, की ते गळ्यातून बाहेर पडतं की काय असं त्यांना वाटलं. मनातल्या मनात त्यांनी 'हो' म्हणूनसुद्धा टाकलं होतं. पण तोंड? तोंड कोरडं ठक्क. हजारो गाड्या वेळेवर सांगितलेल्या बाईला एक 'हो' सांगता येईना. हातात ओलं बी, पायाखाली ओली माती, समोर लाल कानांचा माणूस. काहीतरी बोलायलाच हवं होतं, म्हणून त्या बोलल्या. त्यांच्या आवाजात बोलल्या, म्हणजे अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं:

"हे शहाजिरं काढणीला आलं, की सांगते!"

कवळीवाल्यांनी बाईंच्या मुठीकडे पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं. परत मुठीकडे पाहिलं. मग म्हणाले, "चालेल." आणि घरात गेले.

बाई धावत स्वयंपाकघरात आल्या आणि दार लावून दाराला टेकल्या. "वन्सं! वन्सं, माझं काय झालंय कळलं का?"

"मला कळलं, सलूनवाल्याला कळलं, समोरच्या शिकवणीवालीला कळलं," वन्सं कणीक तिंबता तिंबता म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण तोंडभर हसूही होतं. "काय गं, एवढं गुडघ्याला बाशिंग बांधून बसलीस, तर 'हो' म्हणायला काय धाड भरली होती?"

"जीभच वळली नाही हो."

"मग आता?"

"आता दिला शब्द. मी कधी दिलेली सूचना मागे घेतलीय? जन्मात नाही! वन्सं, किती दिवसांत येतं हो हे?"

"जिरंच ना?" वन्संनी पीठभरला हात उडवला. "तीन-चार महिने. जिरं ते जिरं. शेंबड्या पोरालाही माहीत असतं."

तीन-चार महिने! बाईंचा जीव भांड्यात पडला. तेवढे तर कसेही काढता येतील. शिवाय सजणं, मुरडणं, थोडं ताटकळवणं, ह्याचीही हौस असतेच की माणसाला, वय झालं म्हणून काय झालं?

गल्लीला तर काय, आयताच तमाशा मिळाला. सकाळी दूध आणायला निघालेला माणूस आधी बाईंच्या कुंपणावरून डोकावणार, मग दूध. बी आधी वर यायलाच तयार नव्हतं. दोन आठवडे झाले, तीन झाले, माती तशीच्या तशी. सलूनवाला विचारायचा, "काय बाई, जिरं जिरलं का मातीतच?" शिकवणीवाली तिच्या खिडकीतून म्हणायची, "जिरं लावलंय, आता कुणाची जिरते बघू या!" ह्या जिरण्या-जिरवण्याच्या विनोदांना गल्लीत ऊत आला होता. बाई वरवर चिडायच्या आणि घरात येऊन पोट धरून हसायच्या. त्या दिवसांत त्यांना कशानेही हसू यायचं. कढईत फोडणी तडतडली तरी हसायच्या. आरशासमोर उभं राहून आपलेच दात बघायच्या, आणि वन्संची चाहूल लागली की घाईघाईने केस विंचरायला लागायच्या.

मग एके दिवशी वाफ्यावर हिरवे केस उगवले. गाजराच्या पाल्यासारखी बारीक, कातरलेली पानं. बाईंनी अशी किंकाळी फोडली, की कवळीवाले हातात कुणाचातरी खालचा जबडा घेऊन धावत बाहेर आले.

"आलं!" बाई म्हणाल्या.

"छान," कवळीवाले म्हणाले. "विरळ करा. दाटी झाली की मुळं पोसत नाहीत. उपटलेलं टाकू नका, सूपमध्ये घाला." आणि जबडा घेऊन परत आत.

ह्या माणसाला घाई म्हणून कशी ती नव्हती! बाईंना त्याचं जरा नवल वाटायचं आणि जरा रागही यायचा. रोज संध्याकाळी ते कुंपणाशी यायचे, तोंडाकडे बघत गप्पा ऐकायचे, वाफ्याकडे ढुंकून बघायचे नाहीत. गल्ली वाफ्याकडे डोळ्यात तेल घालून बघते आहे आणि ज्याचं लग्न ठरायचंय तो निवांत! विरळणीचा पाला वन्संनी सूपमध्ये घातला, उकडलेल्या बटाट्यांवर चिरून भुरभुरला. बाईंनी एक वाटी कुंपणावरून पलीकडे दिली. कवळीवाल्यांनी चाटूनपुसून खाऊन वाटी परत केली आणि एवढंच म्हणाले, "पाला उत्तम झालाय." पाला! बाईंना पाला नको होता. बाईंना दाणा हवा होता.

उन्हाळा चढला. रोपं गुबगुबीत झाली, पसरली, पण उभी राहतील तर शपथ. वन्संचा शेजारच्या वाफ्यातला शेपू कमरेएवढा वाढला, पिवळी फुलं फुलून वाळलीसुद्धा. आणि शहाजिरं? शहाजिरं जमिनीलगत पाय पसरून मजेत बसलेलं. एक दांडा नाही, एक फूल नाही. बाईंनी शेणखत घातलं. राख घातली. वन्संनी सुचवलं म्हणून गुडघ्यावर बसून दटावलंसुद्धा, "अरे, उभं राहा की मेल्या!" शिकवणीवालीने खिडकीतून टाळ्या वाजवल्या.

शेवटी बाई दुकानात गेल्या. बियाणेवाला शांतपणे ऐकत होता आणि मधूनमधून मिशीआड हसत होता.

"बाई, ह्याला मुळी दांडा येणारच नाही."

"म्हणजे? बी खराब दिलंत तुम्ही?"

"बी उत्तम आहे. पण हे नावाचं जिरं. जिऱ्यासारखं दिसतं म्हणून आपण जिरं म्हणतो, एरवी ह्याची रीत वेगळी. पहिल्या वर्षी नुसता पाला आणि मूळ. थंडी खाल्ली, की पुढच्या उन्हाळ्यात दांडा, पांढरी फुलं, मग दाणा. दोन वर्षांचं झाड आहे हे."

दोन वर्षं! बाईंच्या तोंडचं पाणीच पळालं. परत येताना रस्ता कुठून गेला, त्यांना कळलं नाही. आणि गल्लीत शिरतात तो काय? कवळीवाल्यांच्या दारात टेम्पो उभा. त्यांची मुलगी आलेली, तीच ती, त्यांच्या भिंतीवरच्या फोटोत असते ती. ती पेट्या उचलून देतेय आणि कवळीवाले टेम्पोच्या मागे उभे राहून दोर बांधताहेत. शिकवणीवालीने खिडकीतून बातमी टाकली, "बापाला न्यायला आलीय म्हणे. आज सामान, पुढच्या आठवड्यात माणूस. बिचारे किती दिवस थांबणार?"

बाईंनी घरात येऊन पिशवी ठेवली आणि त्या मटकन खाली बसल्या.

"वन्सं, ते चालले."

आता वन्संचंही धाबं दणाणलं. "मग जा! आत्ताच्या आत्ता जा आणि 'हो' म्हणून ये!"

"कशी जाऊ? सगळ्या गल्लीसमोर शब्द दिलाय, शहाजिरं आलं की सांगते. आता ते न येताच मी गेले, तर त्यांना वाटेल, सामान बघितलं आणि घाबरून धावत आली. दयेपोटी 'बरं बरं' म्हणतील हो! मला दया नकोय. मला..." आणि बाईंना रडू फुटलं. चार महिने जिने फोडणीवर हसून घेतलं, ती बाई फरशीवर बसून स्फुंदत होती. वन्संनी पाण्याचा पेला पुढे केला आणि त्याच क्षणी त्यांची नजर खिडकीतून परसात गेली.

"वहिनी," त्या हळूच म्हणाल्या, "शहाजिऱ्याला दांडा नाही. पण माझ्या शेपूला आहे की."

बाईंनी डोळे पुसले. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

पुढे जे झालं ते कुणालाही सांगायचं नाही, असं त्या दोघींनी एकमेकींना बजावलं होतं, म्हणजे बाईंनी बजावलं आणि सलूनवाल्याने दुकानाचा रेडिओ मोठा केला, कारण काहीतरी खाजगी चाललंय हे त्याला समजलं. भला माणूस. शनिवारी भर दुपारी स्वयंपाकघराचे पडदे ओढून दोघी टेबलाशी बसल्या. शेपूचे वाळलेले दांडे कापून आणलेले, त्यांच्या छत्रीसारख्या तुऱ्यांवरचं शेपूचं बी झटकून टाकलेलं. एका वाटीत डिंक. दुसऱ्या वाटीत वन्संच्या डब्यातलं शहाजिरं. भुवया उपटायच्या चिमट्याने एकेक दाणा उचलायचा, डिंकात बुडवायचा, छत्रीच्या काडीवर चिकटवायचा. दोन दाणे चिकटले, की तिसरा बोटाला चिकटायचा. बाईंच्या नाकाच्या शेंड्याला एक दाणा चिकटला आणि वन्संना जे हसू सुटलं, ते थांबेचना.

"हसू नका हो, हात हलतो!"

"वहिनी, तू... तू नवरी नाहीस गं, तू बनावट नोटा छापणारी आहेस!"

"वन्सं, शिंकू नका! शिंकू नका, नाक दाबा!"

वन्सं शिंकल्या. अर्धी वाटी फरशीवर. दोघी गुडघ्यांवर रांगत एकेक दाणा वेचत होत्या आणि हसता हसता त्यांच्या बरगड्या दुखायला लागल्या. मधेच बाईंना एकदम भीती वाटली. "पण हे खोटं आहे ना हो?" वन्सं म्हणाल्या, "शहाजिरं खरं, दांडा खरा, तुझं मन खरं. फक्त जोडणी आपली." हे पटण्यासारखं नव्हतं, पण बाईंनी पटवून घेतलं.

चहाच्या वेळेआधी दांडे शहाजिऱ्याच्या गड्ड्यांमध्ये व्यवस्थित खोचले गेले. लांबून बघितलं तर, बाई गं, खरंच पीक आल्यासारखं दिसत होतं! बाईंनी तोंड धुतलं, नवी साडी नेसल्या, परसात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का? शहाजिरं काढणीला आलंय!"

कवळीवाल्यांना सांगितलं होतं, पण आली सगळी गल्ली. सलूनवाला कात्री हातात घेऊन आला, त्याचं गिऱ्हाईक गळ्याला कापड बांधून अर्ध्या दाढीनिशी आलं, शिकवणीवाली आयुष्यात पहिल्यांदा खिडकी सोडून खाली आली. कुंपणाला माणसं लगडली. शिकवणीवालीने डोळे बारीक केले. "काल तर नव्हतं!"

"रात्रीत वाढलं," बाई म्हणाल्या.

कवळीवाले आले. मागच्या खोलीतून तसेच उठून आले होते, ऍप्रनवर प्लास्टरचे पांढरे डाग. ते वाफ्याशी बसले. खिशातून डोळ्याला लावायचं भिंग काढलं. त्यांनी एक दांडा बोटांत धरला, छत्री भिंगाखाली फिरवून पाहिली, नाकाशी नेली. मग एक दाणा तोडला आणि दाढेखाली ठेवला. चावला. सावकाश चावला. बाईंना वाटलं, आता धरणीने आपल्याला पोटात घेतलं तर बरं.

"काय मग?" सलूनवाल्याला राहवेना. "आहे का शहाजिरं?"

कवळीवाले उठले, गुडघे झटकले आणि गल्लीला म्हणाले, "शहाजिरंच आहे."

काय जल्लोष झाला म्हणता! अर्ध्या दाढीचा माणूस शिट्ट्या वाजवायला लागला. "बाई, उत्तर! बाई, उत्तर!" पण बाईंचं तोंड उतरलं होतं. ह्या आवाजाने त्यांनी जन्मभर लोकांना गाड्या सांगितल्या, एकदाही खोटी गाडी सांगितली नाही. आणि आज ह्या भल्या माणसाला... "उत्तर खाजगी आहे," त्या म्हणाल्या, "सगळ्यांनी आपापल्या घरी जावं, कृपया." बाईंनी 'कृपया' म्हटलं, की लोक हलतातच. कुरकुरत हलले. वन्सं तेवढ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत पडद्याआड राहिल्या आणि पडदा थरथरत होता.

"मला तुम्हाला एक सांगायचंय," बाई म्हणाल्या.

"शेपूचा दांडा आहे," कवळीवाले म्हणाले. "वासावरून कळलं. आणि डिंक जरा जास्त झालाय, पण बसवणी चांगली आहे."

बाईंनी तोंडावर हात ठेवला.

"आणि शहाजिरं भाजलेलं आहे. झाडावर भाजून येत नाही."

पडद्यामागून कुणीतरी कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. बाईंना आता लाज म्हणावी की काय म्हणावं, ते कळेना. "मग सगळ्यांसमोर सांगितलं का नाहीत?"

"मी सगळं आयुष्य खोटे दात केले. खोटे दात कोण लावतं? ज्याला अजून खरोखर चावून खायचंय तो. ज्याची जेवणावरची वासना उडाली, तो बसतो बोळका. तुम्ही एवढा खटाटोप केलात म्हणजे..." त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं आणि त्यांचे कान पुन्हा लाल झाले. "पण केलात का? वेळ होता की अजून. हे पुढच्या उन्हाळ्यात येतं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"आमची आई लावायची परसात. पहिलं वर्ष पाला, दुसऱ्या वर्षी दाणा."

"म्हणजे मी पेरत होते, त्या दिवशीसुद्धा माहीत होतं?"

"हो."

"अहो, मग 'चालेल' कसं म्हणालात?"

"तुम्ही दोन वर्षं मागितलीत. मला वाटलं, विचार करायला हवी असतील. एवढ्या वर्षांचं घर, वन्सं, सगळं सोडून शेजारी यायचं म्हणजे लागतात. मी पटकन 'चालेल' म्हणून निघून गेलो. म्हटलं, जास्त वेळ उभा राहिलो तर तीन कराल."

बाई बघतच राहिल्या. हा माणूस रोज संध्याकाळी इथे येऊन उभा राहत होता, वाफ्याकडे बघतही नव्हता, कारण बघण्यासारखं काही नाही हे त्याला माहीत होतं. दोन वर्षं. ह्या वयात दोन वर्षं म्हणजे काय, हे ज्याचं वय होतं त्यालाच कळतं. आणि तो 'चालेल' म्हणाला होता.

"पण पेट्या? टेम्पो? मुलीकडे जाणार ना तुम्ही?"

"कोण मी? पेट्या तिच्या आहेत. लहानपणीची पुस्तकं, खेळणी, माझ्याकडेच पडली होती. मीच बोलावलं, म्हटलं ने बाई, घरात माणूस यायचंय, जागा करतोय. ती म्हणाली, बाबा, कधी यायचंय? म्हटलं, अजून वर्ष आहे, पण आवरायला मला वेळ लागतो." ते जरा थांबले. "अर्धं कपाट झालंय रिकामं. तुम्ही 'नाही' म्हणालात तर ठेवीन त्यात जबडे."

आणि मग बाईंचा बांध फुटला. हसू आणि रडू एकदमच आलं, कुठलं कुठलं ते वेगळं करता येईना. "अहो, कसली दोन वर्षं! आम्हाला वाटलं होतं तीन महिन्यांत येतं! जिरं म्हणतात ना त्याला, म्हणून! आणि मला तर ते तीन महिनेसुद्धा नको होते. मला त्याच मिनिटाला 'हो' म्हणायचं होतं."

"मग म्हणाला का नाहीत?"

"इतका आनंद झाला, की घाबरले."

कवळीवाले पालथ्या घातलेल्या बादलीवर हळूच बसले, भिंग खिशात ठेवायला गेले, ते खिशात न जाता गवतात पडलं, तरी त्यांना पत्ता नाही. त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरत पसरत असं काही वर गेलं, की बाईंना पहिल्यांदाच कळलं: ह्यांचेही सगळे दात स्वतःचेच आहेत.

"आता म्हणा," ते म्हणाले.

"हो," बाई म्हणाल्या. "हो, हो आणि हो."

पडदा खाड्कन बाजूला झाला. "आणि कुंपणाला फाटक पाडा!" वन्सं ओरडल्या. "मी एवढ्या लांबून वळसा घालून पाव पोचवणार नाही, आधीच सांगते!" त्यांचा चेहरा रडून रडून टोमॅटोसारखा झाला होता.

"पाडू, पाडू," कवळीवाले उठत म्हणाले. आणि त्यांना एकाएकी काय झालं कोण जाणे. चार महिने दगडासारखा निवांत असलेला माणूस, दोन वर्षं आनंदाने थांबायला निघालेला माणूस, तो आता ऍप्रनची गाठ सोडायला लागला, ती सुटेना म्हणून डोक्यावरून ओढून काढायला लागला. "चला मग, आत्ताच जाऊ. नोंदणी कचेरी उघडी असेल का?"

"आत्ता? शनिवारची संध्याकाळ आहे अहो," बाई म्हणाल्या. "सोमवारी उघडेल. सोमवारी सकाळी जाऊ."

"सोमवारी?" ऍप्रनमध्ये अडकलेलं डोकं बाहेर काढत कवळीवाले म्हणाले, आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "एवढं थांबायचं?"